हजेरीपट कुणासमोर वाचायचा?

जनवकिलीचं, म्हणजे लोकांचे हक्क मान्य करून घेण्यासाठी केलेल्या पाठपुराव्याचं, मूल्यमापन करावं की करू नये, हा वाद विकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. दर दोन-तीन वर्षांनी तो उफाळतो आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. निधी देणारे म्हणतात, "जे मोजता येत नाही त्याला पैसे कशाच्या आधारावर द्यायचे?" कार्यकर्ते म्हणतात, "लोकांचा लढा ही काय तागडीत घालून तोलायची गोष्ट आहे?" मग एक बाजू दुसरीला भाबडी ठरवते, दुसरी पहिलीला कारकुनी. मी या क्षेत्रात अहवाल लिहिण्यात, वाचण्यात आणि तपासण्यात पुष्कळ वर्षं घालवली आहेत. हा वाद ऐकताना मला दरवेळी वाटतं की भांडण भलत्याच जागी चाललंय. माझं म्हणणं असं आहे: जनवकिलीचा हिशेब मागितलाच पाहिजे, आज मागितला जातो त्याहून कडक मागितला पाहिजे. पण तो सगळ्यात आधी ज्यांच्या नावाने वकिली झाली त्या माणसांपुढे मांडला गेला पाहिजे. आणि त्यात "कायदा बदलला का?" या प्रश्नापेक्षा "तुम्ही जे ठरवलंत ते कशावरून ठरवलंत, आणि चुकतंय हे कळल्यावर काय केलंत?" या प्रश्नाला जास्त वजन हवं.

आधी कामातला फरक नीट पाहू. विहीर खोदणं हे एक काम आहे. त्या विहिरीवर प्रत्येकाचा हक्क आहे हे शेजाऱ्यांना, प्रशासनाला आणि कायद्याला मान्य करायला लावणं हे दुसरं. पहिल्याला आपण सेवा म्हणतो. दुसऱ्याला जनवकिली, पाठपुरावा किंवा सरळ अ‍ॅडव्होकसी. प्रकल्प आखण्यासाठी आणि तपासण्यासाठी आज जगभर चालणारा लॉगफ्रेमचा तक्ता १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार झाला, तो मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कामाचा विचार करून. त्याचे चार रकाने: काय करायचं, कशावरून कळेल, पुरावा कुठे मिळेल, आणि गृहीतकं. विहिरीसाठी हा तक्ता उत्तम चालतो, त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण जनवकिलीचा कार्यक्रम त्यात भरायला बसा. मग दिसतं की कामातलं सगळं महत्त्वाचं त्या शेवटच्या रकान्यात जाऊन पडतं. "अधिकारी सहकार्य करतील." "राजकीय इच्छाशक्ती राहील." "समाजातल्या वरच्या थरातून विरोध होणार नाही." म्हणजे जे बदलण्यासाठी संस्था जन्माला आली, तेच गृहीत धरून तिने आराखडा मांडायचा! शिवाय विहिरीतला खडक तुमचा आराखडा वाचून जागा बदलत नाही. विरोधक बदलतो. तुम्ही न्यायालयात गेलात की तो विधिमंडळात जातो, तुम्ही वर्तमानपत्रात बोललात की तो तुमच्याच वस्तीतल्या चार जणांना फोडतो. तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेलं वेळापत्रक जी संस्था अक्षरशः पाळते, तिने मधल्या काळात डोळे मिटून घेतले होते, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

एकदा माझ्यासमोर एका कार्यकर्तीचा मासिक अहवाल आणि तिची रोजनिशी, दोन्ही एकदमच आल्या. काम होतं एका वस्तीच्या पाण्याच्या जोडणीचं. अर्ज करून अकरा महिने झाले होते. अहवालात नेहमीचे आकडे होते: इतक्या बैठका, इतकी निवेदनं, इतक्या महिलांचा सहभाग. रोजनिशीत त्याच महिन्यातल्या एका तारखेला चार ओळी होत्या. "आज साहेबांनी बसायला सांगितलं. फाइल मागवली. कारकून म्हणाला, फाइल इथेच आहे, वर गेलेलीच नाही. परत येताना बायका गप्प होत्या." अकरा महिने त्यांना सांगितलं जात होतं की फाइल वरच्या कार्यालयात अडकली आहे, म्हणून सगळी निवेदनं, सगळे मोर्चे वरच्या कार्यालयावर जात होते. त्या एका वाक्याने सगळा डाव बदलला. पुढच्या महिन्यात बायका वर गेल्याच नाहीत. खालच्या टेबलासमोर बसून राहिल्या. साहजिकच निवेदनांची संख्या घटली. तिमाही आढाव्यात शेरा आला: "प्रगती मंदावली आहे, कारण द्यावे." त्या महिन्यात त्या कामाने अकरा महिन्यांतलं सगळ्यात मोठं पाऊल टाकलं होतं, आणि कागद सांगत होता की ते मागे पडलंय. दोष शेरा लिहिणाऱ्याचा नव्हता. त्याला रोजनिशी कुणी दाखवलीच नव्हती, कारण ती मागायची पद्धतच नव्हती.

हे छोट्या वस्तीपुरतं नाही. इतिहासातला एक मोठा प्रसंग त्याच तक्त्यात घालून पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला वापरू द्याव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. त्या वर्षाच्या अखेरीस एखादा मूल्यमापक महाडला गेला असता तर त्याने काय लिहिलं असतं? धोरणबदल: साध्य. स्थानिक स्वीकृती: साध्य. आणि तळ्यावर ज्यांचा हक्क मान्य झाला होता, त्यांची ओंजळ मात्र कोरडीच होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि ते पाणी प्याले. परतीच्या वाटेवर माणसांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तक्त्याच्या भाषेत १९२४ हे यशाचं वर्ष आणि १९२७ हे पिछेहाटीचं. ज्या मापाने १९२७ हे पिछेहाटीचं वर्ष ठरतं, ते माप हातात घेऊन आपण आजच्या कामांचं भवितव्य ठरवतो आहोत, याची आपल्याला भीती वाटायला नको का?

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण तिचं म्हणणं पोकळ नाही. कार्यकर्त्यांची एक जमात "बदलाला वेळ लागतो" या वाक्याच्या आड आयुष्यभर राहू शकते. हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते धोकादायक आहे. पाच वर्षं काही झालं नाही? वेळ लागतो. दहा वर्षं? व्यवस्था मोठी आहे. दरम्यान पैसा खर्च होतो, तरुण मुलं-मुली उमेदीची वर्षं देतात, आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्यांची एक पिढी वाट पाहण्यात जाते. शिवाय मोजमाप नसलं की पैसा ज्याला गोष्ट रंगवून सांगता येते त्याच्याकडे जातो. इंग्रजीत फर्डं बोलणारा, परिषदांमध्ये वावरणारा माणूस निधी घेऊन जातो. दूरच्या तालुक्यात मुकाट काम करणारा मागे राहतो. आकड्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान ही एक असमानता थोडी कमी केली, हे मान्य करायला हवं. आणि आपण कार्यकर्ते स्वतःला फसवतो, हेही खरं आहे. मोर्चाला गर्दी झाली की प्रश्न सुटत आला असं आपल्याला वाटतं. आपल्याला मानणारेच आपल्याभोवती असतात, आणि त्यांच्या माना हलताना पाहून आपण जग पटलं असं समजतो. बाहेरच्या कुणीतरी येऊन "हे कशावरून?" असं विचारणं ही गरज आहे, उपद्रव नव्हे.

म्हणून खरा अवघड प्रश्न हा आहे: दीर्घ लढा आणि दीर्घ अपयश यांच्यातला फरक मधल्या वर्षांत कसा ओळखायचा? गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये १७८७ साली बारा जणांची समिती स्थापन झाली. १७९१ मध्ये त्यांचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेत १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. १७९२ मध्ये शेकडो अर्ज आले, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने बंदीला तत्त्वतः मान्यता दिली, पण "हळूहळू" हा शब्द घुसवून, आणि उमरावांच्या सभागृहात तेही बारगळलं. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सुधारणेची भाषा बोलणारा प्रत्येक जण क्रांतिकारकांचा हस्तक ठरू लागला. १७९६ मध्ये प्रस्ताव ७४ विरुद्ध ७० असा, अवघ्या चार मतांनी हरला. थॉमस क्लार्कसन, ज्याने घोड्यावरून हजारो मैल फिरून पुरावे गोळा केले होते, तो त्याआधीच थकून बाजूला झाला होता. समितीच्या बैठकाही जवळपास थांबल्या. पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या हिशेबाने ते काम दोनदा बंद पडायला हवं होतं. मग १८०६ मध्ये जेम्स स्टीफन या सागरी कायद्याच्या जाणकाराने मांडणीच बदलली: परकीय वसाहतींना गुलाम पुरवणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर बंदी, आणि तीही दयेच्या नव्हे, युद्धाच्या कारणासाठी, शत्रूला बळ मिळू नये म्हणून. विल्बरफोर्स, म्हणजे या प्रश्नाचा संसदेतला सगळ्यात मोठा आवाज, जाणूनबुजून गप्प राहिला. त्या कायद्याने व्यापाराचा मोठा हिस्सा तुटला, आणि पुढच्या वर्षी, १८०७ मध्ये, संपूर्ण बंदी २८३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाली. "प्रमुख प्रवक्त्याची भाषणं" हा यश मोजायचा निर्देशक असता तर मोहिमेतला सगळ्यात चतुर क्षण शून्य म्हणून नोंदला गेला असता.

या गोष्टीतून "धीर धरा" एवढंच शिकणारे अर्धंच शिकतात. माझ्या मते त्यात मूल्यमापनाची खरी कसोटी आहे. १७९६ मध्ये त्या माणसांना विचारता आलं असतं: तुम्ही का हरलात असं तुम्हाला वाटतं? चार मतं कुठे गेली? दयेचं आवाहन ज्यांना पोहोचायचं त्यांना पोहोचून संपलंय का? आता कुणाच्या स्वार्थाला हात घालायचा? ज्या संस्थेकडे या प्रश्नांची उत्तरं आहेत, जिची उत्तरं वर्षागणिक बदलत जातात आणि का बदलली हे तिला सांगता येतं, ती लढते आहे. जिच्याकडे दरवर्षी तेच कारण आहे आणि पुढच्या वर्षीही तोच कार्यक्रम, ती अडकली आहे, मग तिचे मोर्चे कितीही मोठे असोत. हे तपासायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. डॉक्टरची परीक्षा आपण फक्त रुग्ण वाचला का यावर घेत नाही. निदान काय केलं, औषध लागू पडत नाही हे कधी ओळखलं, बदललं का, हेही पाहतो. जनवकिलीचा मूल्यमापक असा असावा, केसपेपर वाचणारा. त्याने रोजनिशी मागावी. सहा महिन्यांपूर्वी काय वाटत होतं आणि आज काय वाटतं, हे तारखेनिशी मागावं. नंतर जुळवून सांगितलेली गोष्ट आणि त्या त्या वेळी लिहून ठेवलेला अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

श्रेयाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू फारच बेजबाबदारपणे बोलतात. निधी देणारा विचारतो, "हा बदल तुमच्यामुळेच झाला का?" संस्था जाणते की "हो" म्हटलं नाही तर पुढचा हप्ता धोक्यात, म्हणून ती "हो" म्हणते. तिच्या बरोबरीने लढलेल्या आणखी पाच संस्थाही आपापल्या अहवालात "हो" म्हणतात. सहा अहवाल एकत्र ठेवले तर एकच कायदा सहा वेळा झालेला दिसतो. आतून मदत करणारा एखादा अधिकारी, ज्याने आपलं नाव कुठे येऊ नये एवढीच विनंती केलेली असते, तो या ओढाताणीत एक तर उघडा पडतो किंवा पुसला जातो. आणि पुढच्या वेळी त्या सहा संस्था एका व्यासपीठावर येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याचं उदाहरण घेताना माझा हात थबकतो, पण ते घ्यायला हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. २४ ऑगस्टला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. कार्यकारणभाव फक्त तारखांवरून लावायचा तर उत्तर भयंकर येतं: वर्षानुवर्षांच्या जनवकिलीने जे झालं नाही ते एका खुनाने चार दिवसांत झालं. हे उत्तर खोटं आहे, आणि ते का खोटं आहे हे ज्या मूल्यमापनाला सांगता येत नाही ते काय कामाचं? चार दिवसांत वटहुकूम निघू शकला, कारण मसुदा तयार होता. त्यातलं एकेक कलम वादातून, आक्षेपातून, फेरबदलातून गेलेलं होतं. प्रश्न काय आहे हे आमदारांना नव्याने समजावून सांगायचं नव्हतं. गावोगावच्या सभांतून लोकांना "जादूटोणाविरोधी" हा शब्दही ओळखीचा झाला होता. खिडकी अकस्मात उघडते, अनेकदा अतिशय दुःखद कारणाने उघडते. पण ती उघडेल तेव्हा हातात काय असेल, हे आधीची वर्षं ठरवतात. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम केलेले जॉन मेन यांनी म्हणूनच "श्रेय कुणाचं" हा प्रश्न सोडून "वाटा काय होता" हे तपासायची रीत मांडली: बदल कसा घडला याची पूर्ण साखळी लावा, इतर कारणंही प्रामाणिकपणे त्यात घाला, आणि मग तुमची कडी काढून घेतली तर साखळी कुठे तुटते ते पाहा. यात आकडेमोड कमी आणि मेहनत जास्त आहे. बहुधा म्हणूनच ती फारशी केली जात नाही.

एक गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जातो: मिळालेलं टिकतं असंही नाही. भूसुरुंगांवर बंदीची मोहीम १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरू केली आणि पाचच वर्षांत, १९९७ मध्ये, ओटावात १२२ देशांनी करारावर सह्या केल्या. जनवकिलीच्या इतिहासात इतकं झपाट्याने आलेलं यश क्वचित सापडेल. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. भारतातला माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. मिळवलेलं राखण्यासाठी जागता पहारा देणाऱ्यांच्या अहवालात "बदल: काही नाही" एवढंच येतं. ज्या वर्षी काहीच बिघडलं नाही ते वर्ष त्यांच्या कष्टाचं असू शकतं, आणि कुठल्याही प्रचलित तक्त्यात त्या कष्टाला जागा नाही.

इतकं सगळं बोलल्यावर माझ्या बाजूचे लोक खूश होऊन म्हणतील, "बघा, म्हणजे मोजता येतच नाही." इथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. लढणाऱ्यांनी नेहमीच मोजलं आहे. फार बारकाईने मोजलं आहे. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक म्हणत की हा व्यापार ब्रिटिश खलाशांची पाठशाळा आहे, त्यातून आरमाराला तयार माणसं मिळतात. क्लार्कसनने भाषण केलं नाही. तो बंदरांवर गेला, जहाजांचे हजेरीपट उघडले आणि निघताना किती खलाशी होते, परतताना किती उरले, हे जहाजागणिक मांडलं. पाठशाळा नव्हे, स्मशान होतं ते. आणि हे त्याने विरोधकांच्याच कागदावरून दाखवलं.

दोनशे वर्षांनी राजस्थानात तोच कागद पुन्हा उघडला गेला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घ्यायला सुरुवात केली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं मिळवायची आणि ती गावासमोर, मंडप घालून, मोठ्याने वाचायची. एवढंच. नाव वाचलं की समोरून कुणी म्हणे, मी त्या कामावर कधी गेलोच नाही. कुणी म्हणे, हा माणूस तर वारला. कागदावर पूर्ण झालेली कामं जमिनीवर नव्हती. त्यातूनच "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा बळ धरत गेली. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं, २००० मध्ये राजस्थानचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकाराचा कायदा आला. मला या सगळ्यात अंगावर काटा आणणारी गोष्ट वेगळीच वाटते. हिशेब खरा की खोटा हे ठरवायला तिथे कुणी तज्ज्ञ लागला नाही. ज्यांच्या नावाने पैसे उचलले होते तीच माणसं समोर बसली होती.

मग हाच नियम जनवकिली करणाऱ्या संस्थांना का नको? सरकारचा हजेरीपट चावडीवर वाचायला लावणारे आपण, आपला अहवाल मात्र दूरच्या देशातल्या एका कार्यालयाला, तिथल्या भाषेत, तिथल्या नमुन्यात पाठवतो. ज्या वस्तीच्या नावावर "समुदायाचा सक्रिय सहभाग" लिहिलेला असतो त्या वस्तीने तो कागद कधी पाहिलेलाही नसतो. सरकारला लावलेली फूटपट्टी स्वतःला लावायची वेळ आली की आपल्याला अचानक चळवळीचं गूढ आठवतं. आपला तो बाब्या, ही म्हण अशाच वागण्यासाठी आहे.

हा नुसता नैतिक मुद्दा नाही, त्याने मूल्यमापनाची गुणवत्ताच बदलते. जनवकिलीत एक धोका असा आहे जो सेवेच्या कामात त्या मापाने नसतो: वकील जिंकतो आणि अशील हरतो. धोकादायक कामावर बंदी यावी म्हणून संस्था झटते, बंदी येते, अहवालात यशोगाथा छापून येते. आणि ज्या बायका ते काम करून घर चालवत होत्या त्यांना बंदी नको होती, हातमोजे आणि वाढीव मजुरी हवी होती, हे नंतर कळतं. कुठल्या निर्देशकाने हे पकडलं असतं? कुठलाही तक्ता हे पकडू शकत नाही, कारण तक्ता संस्थेच्या उद्दिष्टापासून सुरू होतो. ते फक्त एकच गोष्ट पकडू शकते: त्या बायकांसमोर उद्दिष्ट मोठ्याने वाचलं जाणं, काम सुरू होण्याआधी आणि दर काही महिन्यांनी. बांगलादेशात १९९० च्या दशकात रिक डेव्हिस यांनी बसवलेली पद्धत या दिशेने थोडं गेली होती. ठरलेल्या निर्देशकांऐवजी लोकांकडून बदलाच्या गोष्टी गोळा करायच्या, आणि त्यांतली सगळ्यात महत्त्वाची कुठली, का, यावर टप्प्याटप्प्याने चर्चा करायची. तिच्यातही निवड बहुधा वरच्या पायऱ्यांवर होते, ही माझी तक्रार आहे. पण निदान काय मोजायचं हे आधी ठरवून न टाकण्याचं शहाणपण तिच्यात आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा. सगळं उघड्यावर वाचलं तर विरोधकाला डाव कळतील, आणि जी माणसं बोलली त्यांना त्रास होईल. हे खरं आहे. अशा कामात एका नावाची किंमत जिवानिशी मोजावी लागू शकते. पण उघड वाचायचं ते झालेल्या कामाचं, उद्याच्या बेताचं नाही. आणि काय झाकायचं हे ठरवण्याचा अधिकार ज्यांना धोका आहे त्यांचा असावा. सोयीची गुप्तता ठरवणाऱ्या संचालकांचा नसावा. दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. लोक संस्थेवर अवलंबून असतात. कार्यकर्तीने रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलेलं असतं, पोरांचे दाखले काढून दिलेले असतात. तिच्या समोर तिच्या कामाचा दोष कोण काढेल? माना डोलतील, टाळ्या होतील. याला एका सभेचं उत्तर नाही. सभा बाहेरच्या माणसाने घ्यावी, कार्यकर्ते त्या दिवशी तिथे नसावेत, आणि पहिल्या दोन-तीन वाचनांत काही निघालं नाही तरी थांबू नये. राजस्थानातही सरपंचासमोर त्याच्याच गावात बोलायला लोक घाबरत होतेच की. सवयीने जीभ सुटते. तिसरा आक्षेप निधी देणाऱ्यांचा: आम्हालाही आमच्या पैशाचा हिशेब हवा. जरूर हवा. पैशाचा हिशेब पै-पैचा द्यावा, त्यात सवलत मागू नये. पण पैसे योग्य खर्च झाले का आणि काम योग्य दिशेने गेलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लेखापाल देईल. दुसऱ्याचं उत्तर वस्तीच्या वाचनातून आलेलं, लोकांच्या दुरुस्त्यांसह, मतभेदांसह पाठवलं तर ते आजच्या गुळगुळीत अहवालापेक्षा कमी विश्वासार्ह कसं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो. सहभागाचा आकडा मागितला की सहभागाचा आकडा मिळतो. सही घ्यायची, चहा द्यायचा, फोटो काढायचा.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा तीन वर्षांचा अहवाल असा वाचायची संधी मला मिळाली. संस्था मनाने चांगली होती, म्हणूनच तिने हो म्हटलं. मी एकेक परिच्छेद सोप्या भाषेत वाचत होतो, समोर चाळीसेक बायका आणि थोडे पुरुष होते. पहिला अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग "धोरणकर्त्यांसोबतच्या संवादात समुदायाच्या प्रतिनिधींनी नेतृत्व केले" हे वाक्य आलं. मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "ती बैठक कुठली?" मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. आत ताई गेल्या होत्या." खोलीत शांतता पसरली. मग दुसरी म्हणाली, "पण त्याच्या आधीच्या वेळी मी आत गेले होते. मी बोलले होते. ते का नाही लिहिलं?" मी पानं उलटून पाहिली. ती बैठक अहवालात कुठेच नव्हती, कारण तिच्यातून काही निष्पन्न झालं नाही असं ठरलं होतं. "काय बोललात?" मी विचारलं. ती सांगायला लागली. संस्थेची एक मुलगी, जी टिपणं घ्यायला मागे थांबली होती, तिने वहीचं पान उलटलं आणि नव्याने तारीख टाकली.